शुक्रवारसाठी कलिंगडं

कवठे महांकाळ

अण्णांना जय जिनेंद्र,

माझं इथं झकास चाललंय, दोन घास जास्तच खाते. आईचा गुडघा कसा हाय?

मागच्या आठवड्यात सोमवारी पहिलीच्या वर्गावर माझा सराव पाठ होता. आमच्या डी.एड. कॉलेजच्या मॅडम मागं बसल्या होत्या. मी फळ्याकडं वळले तर एक पोर करंगळी दाखवत उठलं, मग दुसरं, मग अख्खा वर्गच एकीला पळाला! मॅडमनी शेरा मारला, ‘वर्गावर ताबा नाही.’ खोलीवर येऊन रडले, पण ते आईला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी पोरांनीच सांगितलं, “गुरुजी म्हणलं हुतं, नव्या बाईंच्या तासाला कवाबी उठायचं.” हे त्या वर्गाचे गुरुजी. माझ्यावर पोरं टाकून मोबाईल बघत बसायचे. मी हेडमास्तरांना सांगितलं, त्याचा हा राग.

आता शुक्रवारी पहिल्याच तासाला केंद्रप्रमुख साहेब ह्याच वर्गावर त्या गुरुजींचा पाठ बघणार हायत.

अण्णा, गुरुवारी येताना मळ्यातली चार मोठी कलिंगडं आणाल? शाळा भरायच्या आधी पोरांना पोटभर खाऊ घालीन म्हणते. लय गुणाची पोरं हायत, सांगितलेलं विसरत न्हाईत.

गुरुजींनाबी एक फोड ठेवीन.

तुमची, कुणाचं उसनं न ठेवणारी,
ब्राह्मी