पाचवा फाउल

३ एप्रिल
जावयाने आज न्हाणीघराच्या चौकटीवर पुन्हा डोकं आपटलं. चार वर्षं या घरात राहतोय, चौकट किती उंच आहे ते अजून डोक्यात शिरत नाही. गावाला मात्र त्याचं केवढं कौतुक! कॉर्डेल सुकी मासळी हाताने मोडून खातो, कॉर्डेल प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसतो. मी सदुसष्ट वर्षं हाताने खातोय. माझं कुणी कौतुक केलं नाही.

५ एप्रिल
अमेरिकेत याला कुणी बास्केटबॉलच्या संघात घेतलं नाही. मग उरुग्वे, मग सायप्रस, मग लेबनॉन – जाईल तिथे एक हंगाम, फार तर दोन. मनिलाच्या संघाने दोन महिन्यांत नारळ दिला. शहाणा माणूस घरी गेला असता. हा इथे रोहासला आला, सुतार आणि रिक्षावाल्यांच्या संघात खेळायला. गुडघा दुखावला म्हणून माझ्या जोवेलिनच्या दवाखान्यात गेला. गुडघा बरा झाला. माझी पोरगी हातची गेली.

आता चौतिसावं लागलंय त्याला. अजून ‘करिअर’ म्हणतो!

९ एप्रिल
जोवेलिनने मासे साफ करता करता सांगितलं. जपानमधल्या कुठल्याशा क्लबला अनुभवी उंच माणूस हवाय. त्यांचा एकजण जत्रेतला अंतिम सामना बघायला येणार आहे. पसंत पडला तर तीन वर्षांचा करार. ती आणि माझी छोटी नात इसाय, दोघी जाणार बरोबर.

मी म्हटलं, जा की. थंडी असते म्हणे तिकडे.

तुम्ही याल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला इथे कामं आहेत. कसली कामं, असं विचारलं नाही. बापाची एवढी तरी अक्कल उचललीय.

१० एप्रिल
कॉर्डेलच्या खांद्यावर बसलं की इसायला आंब्याची फांदी हाताला लागते. माझ्या खांद्यावरून लागत नाही. ती आता मला विचारतही नाही.

१४ एप्रिल
कपितान बेन्हूर आला होता. आमच्या वस्तीचा हा पुढारी म्हणजे ढोल – मोठा आवाज, आत पोकळ. इलोइलोहून यायचा पंच तापाने पडलाय. अंतिम सामन्याला तुम्हीच उभे राहा म्हणाला. मी म्हटलं, जावई खेळतोय. त्यावर हसला. समोरच्या संघाला आधीच विचारलं होतं म्हणे. त्यांचा प्रशिक्षक म्हणाला, “म्हातारबाबांना खुशाल उभं करा. त्या पोरावर त्यांचा जेवढा राग आहे, तेवढा आमचासुद्धा नाही.”

जाताना कपितान म्हणाला, एकतीस वर्षांत तुमची एकही खोटी शिट्टी कुणाला आठवत नाही. एवढं एक मात्र खरं बोलला.

कॉर्डेलला सांगितलं तर खूश झाला. “बरं झालं, ताताय. म्हणजे रडीचा डाव कुणी खेळणार नाही.” ताताय म्हणजे बाप. मी याचा बाप कधी झालो?

१६ एप्रिल
सामना झाला.

आधी गर्दी. निम्म्यांना नियम माहीत नाहीत, उरलेल्यांना माहीत असून ऐकायचे नाहीत. दुसऱ्या रांगेत जपानी पाहुणा, मांडीवर वही. कॉर्डेल खेळला. चांगला खेळला – लिहायला हवं म्हणून लिहितो. स्वतः बावीस गुण केलेच, पण त्या रिक्षावाल्यांना असे चेंडू दिले की त्यांनाही वाटलं आपण खेळाडू आहोत. मध्यंतरात जपानी माणूस जोवेलिनशी वाकून बोलत होता. ती हसत होती. शाळेत असताना हसायची तशी.

चार फाउल झाले होते त्याचे. चारही स्पष्ट. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. तिसऱ्या भागात समोरचा एक पोरगा बास्केटकडे उडाला, कॉर्डेल त्याच्या वर उडाला, चेंडू थेट खुर्च्यांत. पोरगा पडला. मी शिट्टी वाजवली.

पोराच्या कोपराला हात लागला होता. मी तीन हातांवर होतो. फाउल होता.

बाटल्या आल्या, शिव्या आल्या. कॉर्डेल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात वर केला – जुने खेळाडू चूक कबूल करायला करायचे तसा – आणि जाऊन बाकावर बसला. अकरा गुणांनी हरले. पाहुणा संपायच्या आधीच निघून गेला.

१७ एप्रिल
गाव बोलत नाही माझ्याशी. न बोलो. बोलतात तेव्हा तरी काय मोती सांडतात?

जोवेलिनने ताट वाढलं नि उभीच राहिली. “ताताय, फाउल होता ना?”

मी म्हटलं, मी खोटी शिट्टी वाजवतो का? ती आत गेली. उत्तर तिला पुरलं असावं.

फाउल होता.

१९ एप्रिल
कपितान चार टगे घेऊन फाटकाशी आला. कुणीतरी फोनवर चित्रण केलंय. ते मला दाखवायचं होतं. मी उठायच्या आत कॉर्डेल बाहेर गेला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. फोन त्याने हातातही घेतला नाही.

“माझा हात लागला होता. मनगटाला. माझं मला कळणार नाही का? ताताय म्हणाले फाउल, म्हणजे फाउल. त्यांना विचारायला पुन्हा या दारात यायचं नाही.”

गेले शेपूट घालून. मग तो ओसरीवर बसून इसायची नखं कापत राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मनगट म्हणे! मी खूण कोपराची केली होती. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही या माणसाला.

२० एप्रिल
जपानचं पत्र आलं. दुसरा कुणी घेतला त्यांनी. जोवेलिनने वाचलं, घडी करून डब्याखाली ठेवलं. मला जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
फाउल नव्हता. दोघांच्या हातांमध्ये बोटभर अंतर होतं. ते मी बघितलं आणि मग शिट्टी वाजवली. आज न्याहारीला दोघांसमोर सांगून टाकलं. जोवेलिन ताटावरून उठून गेली. कॉर्डेल बसून राहिला.

“मला तेव्हाच कळलं होतं, ताताय,” म्हणाला. “खाऊन घ्या.”