झऱ्याची देवी दोव्रा

गुरुवार, ८ जून २०१७
सकाळी सव्वासहा. नवी वही सुरू. ही विसावी. पंधरा ऑगस्टला झऱ्याची जत्रा, आणि त्या दिवशी जिल्हा इतिहास मंडळ तिथे दगडी फलक बसवणार. फलकावर दोव्रा देवीचं नाव, नावाची उत्पत्ती आणि खाली ‘संशोधक : फिंटन गेरटी’. मंडळाने मजकूर पस्तीस शब्दांत मागितलाय. माझा सध्या बाराशे. संकल्प : रोज शंभर शब्द कापायचे.
डिलियाला सांगितलं. सख्ख्या बहिणीने थोडा तरी आनंद दाखवावा. म्हणाली, आधी चिखलाचे बूट बाहेर काढ, मग देवी आत आण.

तोच दिवस, संध्याकाळ
बार्टली मॉनगनकडे जाऊन आलो. वीस वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही. बार्टली चौऱ्याऐंशीचा, घर झऱ्याला लागून. त्याच्या आजीच्या तोंडचं सगळं त्याच्या पोटात आहे, काढणारा पाहिजे. आज मी विचारलं, देवीचे केस ओले असत का? त्याने पाइप झटकला, आढ्याकडे पाहिलं. म्हणाला, ओले? साहेब, निथळत असायचे! लगेच लिहून घेतलं. असा माणूस पुन्हा होणे नाही.

सोमवार, १२ जून
कापलेले शब्द : चार. वाढलेले : साठ. जुन्या आयरिशमध्ये ‘दोव्र’ म्हणजे पाणी, वेल्श लोकांचं पाणीही त्याच कुळातलं, हे गाळून कसं चालेल? मंडळाला कळवायचं, दगड मोठा घ्या.

गुरुवार, २९ जून
मंडळाचं पत्र. दगड तेवढाच राहील. शिवाय विद्यापीठातल्या कोणी डॉ. बेव्हिन हॅनली मजकूर ‘एकदा नजरेखालून घालणार’. निव्वळ औपचारिकता. वय चौतीस म्हणे. मी तिला स्वतः बार्टलीकडे नेणार. बघू दे, खरं काम कसं चालतं ते.

गुरुवार, ६ जुलै
लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.
हॅनलीबाईंनी बार्टलीच्या टेबलावर आवाज टिपायचं यंत्र ठेवलं. बार्टलीने देवीची पूर्ण कथा सांगितली, ओल्या केसांसकट. मी अभिमानाने मान डोलावत होतो. मग बाईंनी सहज विचारलं, हे तुम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत, बार्टलीकाका?
मी हा प्रश्न वीस वर्षांत विचारला नाही. आजीकडून ऐकलं, हे उघड आहे. उघड गोष्ट विचारणं म्हणजे माणसाचा अपमान.
बार्टलीने चहात साखर घातली. ढवळली. पुन्हा घातली. मग चमचा माझ्याकडे रोखून म्हणाला, यांच्याकडून की.
बाईंनी यंत्र तपासलं. चालू होतं.

त्याच रात्री
वय झालंय त्याचं. स्मरणशक्ती जाते माणसाची. उद्या बाईंना तसं कळवायचं.

शुक्रवार, ७ जुलै
कळवलं. बाई फोनवर फार गोड बोलल्या. म्हणाल्या, काकांना सालसुद्धा आठवतंय, १९९६. ग्रामसभागृहात तुमचं व्याख्यान होतं, पडद्यावर चित्रं दाखवून.
असं व्याख्यान मी दिलेलं नाही.

शनिवार, ८ जुलै
माळ्यावर चित्रांची पेटी सापडली. चौदावं चित्र : आपला झरा. खाली माझ्याच अक्षरात ‘दोव्रा’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे मी तेव्हा केवळ एक अंदाज केला होता. अंदाज नंतर खरा ठरला, एवढंच. पुरावा बार्टली.
पुन्हा वाचलं. पुरावा बार्टली. झोप नाही.

रविवार, ९ जुलै
डिलियाला विचारलं, त्या व्याख्यानाला कोण कोण होतं? म्हणाली, अर्धा गाव. सोडतीचा खेळ खेळायला जमले होते, आकडे काढायचं यंत्र बिघडलं, बाहेर पाऊस, जाणार कुठे? मी चहा वाटायला होते. विचारलं, मग बार्टली मला माझीच देवी परत देतोय हे तुला ठाऊक होतं? म्हणाली, मला, पाद्रीबाबांना, टपालवाल्याला. तू सोडून सगळ्यांना.
एकवीस वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही! का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, गुरुवारी चार तास घर शांत असायचं.

गुरुवार, १३ जुलै
बार्टलीकडे गेलो, पण संशोधनासाठी नाही. जाब विचारायला. वही नेली नाही. (नेली, उघडली नाही.)
म्हणालो, तू मला फसवलंस. पस्तीस वर्षं डेअरीत होतो, दुधात पाणी घालणारे शंभर जण पकडले, पण इतक्या राजरोसपणे कोणी घातलं नव्हतं.
तो रागावला नाही. म्हणाला, साहेब, तुम्ही वाऱ्यापावसात सायकल मारत यायचात. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने लावून देणं आमच्या घरात नाही. बायको होती तोवर, साबीना, तिच्या हातचे गरम स्कोन-पाव असायचे, लोणी असायचं. ती गेल्यावर घरात वाढायला दुसरं होतं काय?
मी त्याला गद्दार म्हणालो.
परत निघताना तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी याल ना?
कधीच नाही. हे इथे तारखेसह नोंदवून ठेवतो.

गुरुवार, २० जुलै
गेलो नाही. चार तास भिंतीचं घड्याळ दुरुस्त केलं. डिलियाने दोनदा विचारलं, बाहेर नाही जायचं का तुला?

मंगळवार, २५ जुलै
मंडळाला लांबलचक निवेदन : एकोणीस वह्या खोट्या असू शकत नाहीत, फलक ठरल्याप्रमाणे बसवावा. उत्तर दोन ओळींचं. फलक बसेल. मजकूर डॉ. हॅनली देतील. ‘त्यात आपला यथोचित उल्लेख आहे.’
म्हणजे शेवटी सत्याला मान द्यावा लागलाच. नवा टाय घ्यायचा.

मंगळवार, १५ ऑगस्ट
जत्रा. ऊन. टाय घातला. पाद्रीबाबांनी पडदा ओढला. मजकूर जसाच्या तसा : ‘या झऱ्याचं जुनं नाव कोणालाही ठाऊक नाही. दोव्रा देवीची समजूत १९९६च्या सुमारास एका स्थानिक दूध तपासणिसाने सुरू केली.’
अठरा शब्द. एकही कापण्यासारखा नाही. नाव नाही. टाळ्या पडल्या. त्यात डिलियाच्या सर्वांत मोठ्या.
बार्टली समोर काठी टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने टोपी काढली, तेही पाहिलं नाही.
गर्दी पांगल्यावर फलकामागे बसलो. एक म्हातारी लांबून कुठून तरी आलेली, दोन काठ्यांवर. झऱ्याला सूर्य फिरतो त्या दिशेने सात फेऱ्या घालायच्या, तिला तीन जेमतेम जमल्या. झाडाला चिंधी बांधली. फलक वाचला नाही. चष्मा बसमध्ये राहिला म्हणे. माझ्याजवळ येऊन म्हणाली, बाबा, तुम्ही इथले दिसता. आमच्या बसवाल्याने सांगितलं इथे दोव्रा म्हणून कोणी आहे. ती गुडघ्यांचं काही करते का हो?
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. दोन काठ्या, तीन फेऱ्या, परतीची बस साडेचारची.
मी म्हणालो, गुडघे? आजी, गुडघ्यांसाठीच तर ती प्रसिद्ध आहे.