साळूला बोलतं केलं

२ सप्टेंबर

आले एकदाची! चादरी कुठल्या खोक्यात भरल्या ते आठवत नाही, चहाचं पातेलं सापडलं पण झाकण नाही. तरी मन असं उड्या मारतंय की झोप कशी लागणार कोण जाणे.

डॉक्टरेटचं पहिलं वर्ष नुसती व्याख्यानं ऐकण्यात गेलं. आता हे वर्ष खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांबरोबर. त्यावर प्रबंध लिहायचा, आणि सगळं धड पार पडलं तर मी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ. ताईला फोनवर हे ऐटीत सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे एवढं शिकून शेवटी पोरांशी खेळायलाच गेलीस ना? मी म्हटलं, हो बाई, पण आता खेळायलासुद्धा प्रमाणपत्र लागतं.

शाळा दुमजली आहे. जिन्याचा कठडा मुलांनी घसरून घसरून अगदी गुळगुळीत केलाय. मला खोली दाखवताना मुख्याध्यापक ओशाळले होते, कारण ती पूर्वी गायनाची खोली होती. शेजारच्या वर्गांना त्रास नको म्हणून चारही भिंतींना लोकरीचा जाड करडा नमदा ठोकलेला. गायनाच्या बाईंचा आवाज बसला तो बसलाच, त्या सोडून गेल्या, तेव्हापासून कुलूप. आत शिरून मी टाळी वाजवली. टाळी हातातच विझली. मी म्हटलं, सर, चाचण्या घ्यायला यापेक्षा शांत जागा कुठे मिळणार? त्यांचा चेहरा खुलला.

मधल्या सुट्टीपर्यंत माझं बारसंही झालं. ठोकळे आणि चित्रं मांडताना मुलांनी पाहिलं, आणि मी झाले ‘खेळाच्या मॅडम’.

५ सप्टेंबर

पहिली केस. तिसरीतली मुलगी. घरी तिला साळुंकी म्हणतात, म्हणजे साळू, कारण घरी तिची टकळी बंद होत नाही. शाळेत मात्र तोंडात मिठाची गुळणी. गेल्या वर्षी मध्येच केव्हातरी गप्प झाली. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, अहो, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते, पायावर बाक पडला तरी ब्र काढला नाही पोरीनं.

गोल चेहरा, करंगळीला शाई. ठोकळ्यांची नक्षी माझ्याआधी लावून मोकळी झाली. बुद्धीला काही झालेलं नाही. माझ्या खोलीत मात्र खुर्चीच्या कडेवर बसली होती, आणि ओठ आत दुमडून दातांखाली धरले होते. सगळा वेळ.

९ सप्टेंबर

साळूच्या घरी गेले. पुढे एक खोली, मागे एक. मागच्या खोलीत तिची आई शिलाई मशीन चालवते, लोकांचे कपडे आखूड-सैल करून देते. आणि हीच का ती मुलगी! शेजारणीची मांजर, बाईंची चप्पल, ढगाचा आकार, कशावर म्हणून बोलायची थांबेना. आई पायडल मारत हसत होती. म्हणाली, मॅडम, हिच्या बोलण्यावरच माझी मशीन चालते, ही गप्प बसली तर माझा टाका चुकतो.

शाळेत गप्प आणि घरी बडबडी, अशा मुलांबद्दल अभ्यासक्रमात शिकले होते. आज प्रत्यक्ष पाहिली. प्रबंधाला विषय मिळाला, हे मनात आलं. खोटं कशाला लिहू? आलं.

१४ सप्टेंबर

आज साळू माझ्याशी बोलली! खोलीत नाही, मैदानात, नळापाशी. मी ओंजळीनं पाणी पीत होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, माझा कान खाली ओढला आणि कुजबुजली. म्हणाली, खेळाच्या मॅडम, त्या खोलीत बोलायचं नसतं. ते शिकतं. आपण बोललो की ते आपल्यासारखं बोलायला शिकतं. मी गेल्या वर्षी गाणं म्हटलं होतं ना, एकटीनं, तेव्हा त्याला मी थोडी यायला लागले होते. आता मी गप्प बसते म्हणून ते विसरतंय.

अभ्यासक्रमात शिकवल्याप्रमाणे मी चेहरा शांत ठेवला. विचारलं, विसरलं की मग काय? म्हणाली, मग मी वर्गात पण बोलेन. आणि मग म्हणाली, कुणाला सांगू नका हं.

मी मान हलवली. मोठ्या माणसांसारखी तिनंही हलवली.

१५ सप्टेंबर

सांगितलं. सांगणं भाग होतं, मार्गदर्शकांपासून काही लपवायचं नसतं. आमच्या मार्गदर्शक मॅडम आठवड्यातून एकदा येतात. चष्मा डोक्यावर ठेवून पर्समध्ये शोधतात. त्या, वर्गशिक्षिका बाई आणि मी बसलो होतो. मी साळूची गोष्ट सांगितली, आणि जरा रंगवूनच सांगितली. दोघी हसल्या. मॅडम म्हणाल्या, किती सुंदर कल्पना आहे! भीतीलाच आवाज दिलाय पोरीनं. आता याच खोलीत तिला बोलतं करायचं. जिथे भीती तिथेच उपाय.

दाराच्या काचेतून साळू दिसली. रांगेतून चालली होती. आम्हाला हसताना तिनं पाहिलं.

२२ सप्टेंबर

योजना सोपी आहे. आई आणि साळू माझ्या खोलीत खेळणार, मी बाहेर. मग दाराशी. मग आत कोपऱ्यात. मग शेजारी. एकेक पायरी, घाई नाही. आई बिचारी हातातलं शिवण टाकून येते. साळू तिच्याशीसुद्धा खुणांनी खेळते. आईनं आज मला हळूच विचारलं, मॅडम, नको का एवढं मागे लागायला? आपोआप येईल की. मी तिला समजावलं. मला समजावता फार छान येतं.

नंतर नळापाशी साळूजवळ गेले. तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, साळू, मी असताना तुला काही होणार नाही. माझा शब्द. तिनं माझं बोट धरलं.

२९ सप्टेंबर

बोलली! खोलीत बोलली! रंगांचा खेळ चालला होता, आईनं मुद्दाम चुकीचा रंग सांगितला, मी डोळ्यांनीच साळूला म्हटलं, बोल गं. आणि ती म्हणाली, ‘निळा’. एकच शब्द. पण स्पष्ट. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर टाळ्या पिटल्या.

साळू रडली वगैरे नाही. फक्त भिंतीकडे बघत राहिली, वाट बघावी तशी. मग उठली, आईचा हात धरला आणि गेली.

त्यांना फाटकापर्यंत पोचवून मी परत आले. खेळाची नोंद ठेवायला लावलेला रेकॉर्डर चालूच राहिला होता.

३० सप्टेंबर

रेकॉर्डिंग ऐकलं. ‘निळा’ ऐकू येतो. माझ्या टाळ्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज, दार लागल्याचा. मग काही नाही. आणि मग साळू बोलते. निळा, निळा, निळा. आधी अडखळत. मग भरभर. मग शेजारणीची मांजर, बाईंची चप्पल, ढगाचा आकार. हसते मध्येच. तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. साळू आईबरोबर रस्ता ओलांडत होती, मी स्वतः पाहिलं.

ती परत आली असेल. मुलं येतात परत, काहीतरी विसरलं म्हणून.

मार्गदर्शक मॅडम दुपारी आल्या. काही निष्पन्न झालं का, म्हणाल्या. मी रेकॉर्डिंग लावलं. नुसतं पुढचं. ‘निळा’नंतरचं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, म्हणाल्या, इतक्या लवकर इतकं मोकळं बोलणं मी कधी ऐकलं नाही, तू जिंकलंस. मी ‘थँक यू मॅडम’ म्हटलं.

म्हटलं मी.

६ ऑक्टोबर

वर्गशिक्षिका बाईंनी जिन्यात गाठलं. साळू आता खुणाही करत नाही. नुसती बसते. मी म्हटलं, कधीकधी होतं असं, आधी जरा मागे जातं मूल. मग साळूच्या आईला फोन लावला. ती खुशीत होती. म्हणाली, मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू, परवा शाळेच्या जिन्यात हिनं मागून ‘आई’ म्हणून हाक मारली, मी ओ दिली, तेव्हापासून थांबत नाही, आज तर सकाळपासून मागच्या खोलीत बसून नुसती बडबडतेय, दमत नाही माझी बाय.

फोन ठेवला आणि वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. साळू बाकावर बसली होती. सकाळपासून.

७ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर साळूला घेऊन तिच्या घरी गेले. वाटेत एकदाही बोलली नाही, हात मात्र सोडला नाही. दार उघडंच होतं. मागच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, आणि आईचा, आणि साळूचा. साळू माझ्या शेजारी उभी होती आणि आतून साळू विचारत होती, आई, ढगाला शिवण घालता येते का गं?

मी आत डोकावले. आई भिंतीकडे तोंड करून मशीन चालवत होती. हसत होती. मी हाक मारली तशी वळली. मला ओळखलं. मग साळूकडे पाहिलं, आणि अगदी सौजन्यानं, परक्या पोरीशी बोलावं तसं म्हणाली, ही कुणाची मुलगी आणलीत, मॅडम?

साळूनं तोंड उघडलं. ‘आई’ म्हणायला ओठ हलले. आवाज आला नाही. आला तो भिंतीतून. आई, तिला जायला सांग ना.

आई म्हणाली, हो गं राणी.

८ ऑक्टोबर

साळू मावशीकडे आहे. गल्लीच्या टोकाला घर. मावशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, मॅडम, पोरगी दोन शब्द कमी बोलली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं?

माझं. माझं बिघडणार होतं.

१० ऑक्टोबर

मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगायचं ठरवून गेले. आईची प्रकृती बिघडलीय एवढं सांगितलं. त्या हळहळल्या, डॉक्टर पाठवते म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तुझं रेकॉर्डिंग नव्या विद्यार्थ्यांना ऐकवणार आहोत, चालेल ना? मी सांगणार होते. शब्द ओठांवर होते. मान हलवून आले.

ताईचा फोन आला. आवाज का बसलाय, विचारलं. सर्दी, म्हटलं.

१२ ऑक्टोबर

मैदानात साळूच्या पुढ्यात बसले. म्हटलं, बाळा, मला — तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. तिच्या करंगळीची शाई माझ्या ओठांना लागली. मान जोरजोरात हलवत होती. मला वाटलं तिला माझी माफी नको. तसं नव्हतं. ती मला गप्प करत होती. माझ्यासाठी. मी तिच्याशी असं वागूनही —

१३ ऑक्टोबर

आता ते मला हाक मारतं. जिन्यातून जाताना. खोलीला कुलूप आहे. खेळाच्या मॅडम. खेळाच्या मॅडम. साळूच्याच आवाजात. मुलं जात-येत असतात, कुणी वळून बघत नाही. ओ देत नाही मी. ओठ आत दुमडून दातांखाली —

आईनं ओ दिली होती. ती आई होती. देणारच.

१४ ऑक्टोबर

मी गप्प बसले तर विसरेल. साळू म्हणाली होती, विसरतं. पण विसरेल म्हणजे साळूचा आवाज कुठे जाईल? तो आता तिच्याकडे नाहीच. त्याच्याकडेच आहे फक्त. तो संपला तर —

उद्या आत जाणार. बोलणार नाही. नुसती बसणार. देतं का परत बघणार.

१५ ऑक्टोबर

खोलीत आहे. वर्ग चालू आहेत, काही ऐकू येत नाही. वही मांडीवर. बोलायचं झालं तर इथे लिहीन, तोंड उघडणार नाही.

दाराच्या काचेपलीकडे साळू आहे. वर्गातून कशी आली? दार ठोकतेय. आवाज आत येत नाही. मान हलवतेय. नाही, नाही. मला कळतंय, बाळा. मी गप्प आहे.

भिंत बोलायला लागली. अगदी कानाशी. मांजर. चप्पल. ढग. मी ऐकत नाही.

थांबलं.

आता रडतंय. साळू कधी रडलीच नाही, मग हे कुठून शिकलं? ती नाही ही. ती काचेपलीकडे आहे, मला दिसतेय. ती नाही.

म्हणतंय, खेळाच्या मॅडम, आईनं मला टाकलं. मी बोलले म्हणून टाकलं का?

नाही लिहिलं तरी ऐकू येतंय. लिहीत राहते. लिहीत —

म्हणतंय, तुम्ही सांगितलं होतं म्हणून बोलले ना मी?

हो.

नाही, हे लिहिलं फक्त. म्हटलं नाही. म्हटलं नाही ना मी?

साळू काचेवर दोन्ही हात आपटतेय.

म्हणतंय, मी चुकले का, मॅडम? एकदा सांगा ना. चूक माझी होती का?

नाही गं बाळा, तुझी नाही, तुझी कधीच नव्हती, माझी —