मैत्रेयीसाठी घाम

१२ जानेवारी

जिना कठडा धरून उतरलो. पहिलाच दिवस.

मल्लेश्वरममध्ये औषधाच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं सकाळी सहाला हा वर्ग भरतो. वीसेक माणसं. शिट्टी वाजली की जीव तोडून करायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. थांबायला वेळ इतका थोडा, की धड एक श्वासही पुरा होत नाही. उड्या, बैठका, मग जमिनीवर पडून परत उठून उडी — याला बर्पी म्हणतात. तिसऱ्या फेरीत मी बसलो. चौथ्या फेरीत आडवा झालो.

शिकवणारी शिवलीला. विजापूरकडची, पूर्वी कबड्डी खेळायची. वयानं माझ्या निम्मी असेल. माझ्या डोक्याशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "पडा सर, स्वल्प पडून राहा. पण घरी जाऊ नका."

गेलो नाही. ते एवढंच जमलं.

१३ जानेवारी

हात खांद्याच्या वर जात नाही. बायकोनं, संध्यानं, माझे केस विंचरले.

१५ जानेवारी

का जातोय ते एकदा लिहून टाकतो. ऑफिसात सगळे विचारतात, मी काहीतरी थाप मारतो.

मैत्रेयीची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. माझी एकुलती एक बहीण, चाळिशीही नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिच्या नवऱ्याला, अभिराजला, मधुमेह — त्याचं चालत नाही. आई-बाबा निपाणीला, दोघंही सत्तरीपलीकडे. राहिलो मी. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. पण डिसेंबरमध्ये डॉक्टरबाईंनी माझे कागद बाजूला सारले. "योगीराज, तुमचं वजन फार आहे आणि साखर काठावर. आज तुमचं एक काढलं तर दहा वर्षांनी तुम्हीच माझ्यासमोर पेशंट म्हणून याल. मी हात लावणार नाही."

मी विचारलं, "उतरवून आलो तर?"

"तर बघू." मग त्यांनी छातीला वायरी लावून मला पट्ट्यावर चालवलं आणि व्यायामाला परवानगी दिली.

आयुष्यभर मला सगळे 'खातापिता माणूस' म्हणत आले. आपल्या पोटामुळे बहिणीचा जीव अडकेल, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

२२ जानेवारी

आज वर्गात ओकलो. बादली शिवलीलानंच धरली. कुणी हसलं नाही.

माझ्या शेजारी भाग्यलक्ष्मी अक्का असतात. कन्नड शाळेतून निवृत्त, केस पांढरेशुभ्र, सलवार-कमीज, पायात लाल बूट. त्या बर्पी मारतात. मी मोजायचं सोडलं आणि बघत राहिलो. पडतात, उठतात, उडी घेतात. हात वर जातात तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत खाली येतात. तोंडानं काही नाही, फक्त नाकातून श्वास. मंदिरात पुजारी आरती ओवाळताना जसा दुसरीकडे कुठंच नसतो, तशा.

वर्ग संपल्यावर विचारलं, कधीपासून येता? म्हणाल्या, "मुलगी म्हणाली, अम्मा, आता खाली बसू नकोस, उठवायला कुणी नसतं. मला राग आला."

६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एक फेरी पुरी केली. संपल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो. छातीत ढोल वाजत होता, आणि तो हळूहळू — आपला आपण — शांत झाला. मी काहीच केलं नाही. नुसता उभा होतो. आत कुणीतरी सगळं आवरून ठेवलं.

इतकी वर्षं या शरीरात राहिलो आणि हे माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

वर्गातून थेट चामराजपेटला मैत्रेयीकडे. घामानं भिजलेला होतो, हातात पाण्याची बाटली. तिच्यासमोर बाटली काढली आणि लाज वाटून परत पिशवीत घातली. तिला दिवसभरात मोजून दोन-तीन पेलेच पाणी. लघवी होत नाही. प्यायलेलं सगळं अंगातच साचतं. तोंड फार कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळते.

"अण्णा, पी की," ती म्हणाली.

"नको. घरी जाऊन पितो."

"माझ्यासमोर पी. मला बघायचंय."

प्यायलो. अख्खी बाटली. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. डोळ्यांत हेवा नव्हता, काय होतं ते मला लिहिता येत नाही. लहानपणी यात्रेत दुसऱ्याचा पाळणा वर जाताना बघायची, तशी बघत होती.

मग बाटली हातात घेतली, हलवून पाहिली. म्हणाली, "छान पितोस."

३ मार्च

वजन उतरतंय. ऑफिसातली हर्षिता म्हणाली, सर, आजारी आहात का?

१९ मार्च

संध्याशी भांडण. भांडण म्हणजे मी बोललो, ती कणीक मळत राहिली.

कायद्यानं तिची संमती लागते. तिनं अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पुण्याहून तिच्या आईचा फोन येतो, तेव्हा ती गॅलरीत जाऊन बोलते.

शेवटी म्हणाली, "तू रोज सकाळी जातोस ना, मला असं वाटतं तुला कुणीतरी कापायला तयार करतंय. मी तुझे कपडे धुते आणि त्यात मदत करते."

कणकेवर फडकं टाकून ती आत गेली.

९ एप्रिल

उन्हाळा वाढलाय. हॉलमधले पंखे नुसते फिरतात. आज जोडीजोडीनं काम होतं — एकानं लोखंडी गोळा उचलून धरायचा, तोवर दुसऱ्यानं पळून यायचं. म्हणजे तुम्ही दमलात तर शिक्षा जोडीदाराला. माझी जोडी भाग्यलक्ष्मी अक्कांशी. मी जिन्यापर्यंत पळून परत येतो तर त्या गोळा छातीशी धरून उभ्या, दंड थरथरतायत, तोंडावर हसू. "बन्नी, बन्नी," म्हणतायत. या, या.

कधी नव्हे इतका पळालो. स्वतःसाठी नव्हतं ना ते.

२ मे

डॉक्टरबाईंनी वजनाला हो म्हटलं. साखर उतरली. आता मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. उद्या रक्त द्यायचंय.

आज वर्गात जीव ओतला. सगळ्या फेऱ्या, एकही न सोडता. शिवलीलानं टाळी दिली.

४ मे

क्रिएटिनिन वाढलंय.

मूत्रपिंड नीट गाळत नसलं की हे वाढतं. मैत्रेयीच्या रिपोर्टात वर्षानुवर्षं हाच शब्द वाचत आलोय. आज तो माझ्या नावाखाली आहे. डॉक्टर परवा भेटतील.

संध्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. मग देवापाशी दिवा लावून तिथंच बसून राहिली. सुटलो म्हणून की अडकलो म्हणून, मी विचारलं नाही.

मैत्रेयीला काय सांगू? आम्हा दोघांत एकच खोट असेल तर?

६ मे

डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रक्त द्यायच्या आदल्या दिवशी काय केलंत?"

सांगितलं — गोळा, बैठका, बर्पी, सगळ्या फेऱ्या.

त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, जोराच्या व्यायामानं स्नायू झिजतात, त्यानं हा आकडा चढतो. मूत्रपिंडाचा काय दोष? आठवडाभर गप्प बसा, भरपूर पाणी प्या, मग परत या."

बाहेर येऊन बाकावर बसलो. पिशवीतली बाटली काढून सगळं पाणी पिऊन टाकलं.

वर्गात कळवलं. शिवलीलाला आज पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "सर, आधी सांगायचं होतं की. मी तुमच्यावर ओरडले असते का?"

"म्हणूनच सांगितलं नाही," मी म्हणालो.

१५ मे

आकडा खाली आला. अगदी निरोगी माणसाचा.

८ जून

संध्या आज वर्गाला आली. करायला नव्हे, बघायला. दाराशी, चपला काढतात तिथल्या बाकावर बसली. मी तिच्याकडे न बघता करत राहिलो. अंगाला वाफा सुटल्या होत्या, छाती भात्यासारखी चालली होती. मधेच एकदा नजर गेली तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. भाग्यलक्ष्मी अक्कांकडे बघत होती. तोंड किंचित उघडं.

परतताना कोपऱ्यावर उभ्यानं कॉफी घेतली. म्हणाली, "मला वाटायचं, हे तुला झिजवतायत."

"मग?"

"तू तर नवीनच कुणीतरी झालायस. अर्धं देऊनही पुरशील असा." पेला खाली ठेवला. "मी सही करते. भीती गेलेली नाही. पण करते."

मी तिथंच, रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा राहिलो, हातातली कॉफी गार होईपर्यंत. गोळा उचलायला बळ लागतं हे कळलं होतं. हे बळ कुठल्या वर्गात मिळतं?

१० जुलै

हॉस्पिटलच्या परवानगी समितीपुढे मुलाखत झाली. कुणी जबरदस्ती केली का, पैसे दिले का, सगळं विचारलं. एका बाईंनी विचारलं, "भीती वाटत नाही?" म्हणालो, वाटते, पण आता दमल्यावर श्वास परत येतो हे माहीत आहे. त्यांनी लिहून घेतलं का कोण जाणे.

मंजूर. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली.

मैत्रेयीला फोन केला. ती म्हणाली, "अण्णा, झाल्यावर पहिल्यांदा मी काय पिऊ? ताक की नारळपाणी?" दोघं अर्धा तास त्यावरच बोललो.

२३ जुलै

पहाटे हॉस्पिटलचा फोन मैत्रेयीला: मूत्रपिंड मिळालंय, लगेच या. आमची तारीख नव्हे. मृतांच्या मूत्रपिंडांसाठी सरकारी यादी असते, तिच्यात मैत्रेयीचं नाव फार पूर्वीच लागलं होतं. तिच्यावर आम्ही कुणी कधी आशा ठेवली नव्हती. या शहरात काल कुणीतरी अपघातात गेलं. घरच्यांनी हो म्हटलं. नाव सांगत नाहीत.

दुपारी सर्जन बाहेर आले. नवं मूत्रपिंड जोडताच टेबलावरच लघवी सुरू झाली, म्हणाले. अभिराज होता तिथंच खाली बसला. संध्यानं माझ्या कमरेवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

हो म्हणण्याच्या लायकीचा व्हायला मला अर्धं वर्ष लागलं. त्या अनोळखी घरच्यांना हो म्हणायला एक रात्र मिळाली.