बोटीत पुढे कोण

९ सप्टेंबर, बुधवार

— आणि धक्क्यावर सगळ्यांच्या आधी कोण? टेनेसीचे टॅकेट! जोडप्यांच्या बास मासे धरायच्या स्पर्धेचा कप दोन वर्षं त्यांनीच नेला, यंदाही हजर. बर्डी टॅकेटने केस लाल केलेत. शोभत नाहीत. म्हणजे, शोभतात थोडे.

तिने विचारलंच, "तुझ्या हार्लनचा गुडघा असा, मग बोटीत पुढे कोण?"

"मी!"

तिचा नवरा क्लोव्हिस खो खो हसला. हसू दे! लग्न झाल्यापासून मी मागेच. पुढचा बोट वळवतो, कोऱ्या पाण्यात आधी गळ टाकतो. मागच्याला त्याने ढवळलेलं पाणी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून हार्लनने यंदा पुढची जागा दिली. वर म्हणतो, "हरलो तर पुन्हा मागे हं, व्हर्लीन. कायमची."

१० सप्टेंबर, गुरुवार

सराव. सरावात आम्ही गळाची टोकं कापून टाकतो. मासा तोंड घालतो, कुठे आहे ते कळतं, पण अडकत नाही. आज टोचला तर शनिवारी स्पर्धेत तोंड उघडेल का तो?

पुलापलीकडे पाणगवतावर आमिषाचा रबरी बेडूक टाकला. धडाम! मोठे आहेत! तेवढ्यात टॅकेटांची बोट. मी लगेच काठी ठेवून टोमॅटोचं सँडविच काढलं.

"काही लागतंय का गं?" बर्डी ओरडली.

"ऊन लागतंय!"

११ सप्टेंबर, शुक्रवार

उद्याच्या काठ्यांना गळ हार्लनच बांधतोय. मला हात लावू देत नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो!!!

नीट सांगते. पहिला मासा उसळला, ओढला — सुटला. दुसरा — सुटला! मागून हार्लन: "घाई करतेस! म्हटलं होतं मी!" मागे बसल्याबरोबर अक्कल फुटली याला! तिसरा सुटला तेव्हा बेडूक हातात घेऊन पाहिला. गळाला टोकच नाही! सरावाचाच बेडूक बांधून ठेवलेला, या शहाण्याने! उचलून त्याच्या मांडीवर टाकला. त्याने नव्या बेडकांचा डबा पुढे सरकवला.

नवा बांधला. पाणी उसळलं की पुरुष लगेच झटका देतात — माशाच्या तोंडातला घास काढून घेतात मेले! मी थांबते. दोरी जड झाली की मगच ओढते. पाच मासे झाले तरी थांबले नाही. पाचच मोजतात ना, मग मोठा आला की बोटीतल्या पाण्याच्या टाकीतला सगळ्यांत लहान सोडायचा. पाणी गार राहून मासे जगावेत म्हणून टाकीत बर्फ घालत राहिले. मेलेल्या माशाचं वजन कापतात.

वजनकाट्यावर टॅकेट साडेसतरा पौंड. आम्ही एकोणीस आणि वर थोडं! पाचही जिवंत, पाचही पुन्हा तळ्यात. बर्डीने पळत येऊन मिठी मारली. क्लोव्हिसने टोपी डोळ्यांवर ओढली.

१३ सप्टेंबर, रविवार

टॅकेट जेवायला. तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड, पीचची गोड पाई. कप मी मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवला, लोणी त्याच्याआड. बर्डी नवऱ्याला म्हणते, "पुढच्या वेळी पुढे मी उभी राहणार." त्याला ठसकाच लागला! मी पाणी दिलं. सावकाश दिलं.

२० सप्टेंबर, रविवार

बर्डीचा फोन. दोघं पुन्हा येतायत, झुंजायला. हार्लनने माझ्या हातून फोन घेतला. "या, या! पण पुढे व्हर्लीनच हं. माझा गुडघा कुठे साथ देतोय अजून!"

सकाळीच हा माणूस शिडी चढून छपरावरची पानं काढत होता.

झुंज शनिवारी, तीन ऑक्टोबरला.