गंमत व्हायच्या आधीचं हसू

तारीख नऊ, मंगळवार, दुपार

चि. खारूताईस,

आशीर्वाद. तू, जावईबापू आणि मुलं बरी असाल असं धरून चालतो. धरून चालतो म्हणजे काळजी करतोच. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरत जा. मागच्या फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. नुसती सर्दी आहे म्हणालीस, पण तुझ्या आईलाही आधी नुसती सर्दीच होती. औषध घे. चौथीच्या पुढे मास्तरांनी मला ठेवलं नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा चुका पोटात घाल.

इकडे सगळं ठीक. बाळ्याला कारखान्यात बढती मिळाली. मोरीतला नळ गळत होता तो दुरुस्त झाला, आता मधूनच बंद पडेल की काय अशी धास्ती वाटते. छोटी शाळेत जाते. सूनबाई चांगली आहे. हे वाक्य मी तुला याआधी कधी लिहिलं नव्हतं, म्हणून परत लिहितो. सूनबाई चांगली आहे.

तुझी आई गेल्यावर बाळ्याने मला इथे आणलं, तेव्हा काय म्हणाला होता ते आठव. ‘बाबा, तुमची ट्रंक तेवढी आणू नका. हिला जोकरची भारी भीती वाटते. रंगाचा डबा दिसला तरी हिचे हातपाय गार पडतात.’ मी म्हटलं, असतं बायकांचं. सर्कशीत जन्म घालवला, हे काय मला नवीन? ढगळ विजार, लांब बूट, केसांचा टोप, सगळं कंपनीतल्या पोरांना वाटून आलो. बूट देताना हात सुटेना. आणि तूसुद्धा फोनवर म्हणालीस, ‘बाबा, वहिनी जरा भित्री आहे, सांभाळून घ्या.’ तूच म्हणालीस. मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी त्या बाईशी कामापुरतं बोललो. तिने वाढलं, मी जेवलो. ही कोण टिकोजीराव, जिच्यापायी माझ्या हातची विद्या भंगारात गेली, असं रोज मनात यायचं. एकदा ती म्हणाली, ‘बाबा, छोटीला सर्कशीतली एखादी गंमत सांगा ना.’ मी म्हटलं, ‘नको, कुणाचे तरी हातपाय गार पडायचे.’ तिने मान खाली घातली आणि भांडी आवरली.

गेल्या रविवारी छोटीला माझ्या जुन्या कोटाच्या खिशात लाल नाक सापडलं. कसं राहिलं देव जाणे. आम्ही जेवत होतो आणि ही ते लावून समोर उभी. वाटलं, आता सूनबाई किंचाळणार. तर सूनबाई खदखदून हसली! ‘अगं ठमे, इकडे आण!’ म्हणाली आणि ते स्वतःच्या नाकावर चढवून नवऱ्याकडे वळली. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं आणि तिने ते पटकन काढलं.

बाळ्या हसत होता. आधीपासूनच हसत होता, मोठ्याने. हसता हसता उठला, खुर्ची पडली, आत जाऊन कडी लावली. ओकत होता. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

मी सूनबाईला विचारलं, ‘भीती तुला वाटते ना?’

‘मला कशाला वाटेल, बाबा? मी तर लहानपणी जोकरच्या मागे मागे पळायचे. भीती यांना वाटते.’

‘मग तुझं नाव का पुढे केलं?’

‘पुरुषमाणसाने कसं सांगायचं? तेही तुम्हाला? बायको घाबरते म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. तुम्ही विचारलंत का?’

आणि मग म्हणाली, ‘ताईंना माहीत आहे की.’

खारू, आमच्या उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. प्रेक्षकांत शिरलास की बायकांची चिंता करू नकोस. त्या घाबरल्या की ओरडतात, शेजारणीचा दंड धरतात, आणि ओरडून झालं की मनापासून हसतात. जपायचं ते गड्याला. गडी घाबरला की हसतो, आणि गंमत व्हायच्या आधी हसतो. त्याच्याजवळ जाऊ नकोस, तो मारेल. मी एकदा ऐकलं नाही, पुढचा दात गेला. नंतर कधी चुकलो नाही. भरल्या तंबूत असा माणूस लांबून ओळखायचो.

आणि माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसायचा, तेव्हा मी उस्तादांना कौतुकाने सांगायचो, पोरगं फार तल्लख आहे.

तू पहिल्या खेळाला भोकाड पसरलं होतंस. मी तिथेच नाक काढलं, तुझा हात धरून माझ्या गालावरचा रंग पुसायला लावला. ‘अय्या, बाबाच!’ म्हणालीस आणि संपलं. बाळ्या रडलाच नाही, तर मी नाक कशाला काढू? काल सूनबाईकडून कळलं की तुझी आई त्याच्या मांडीला चिमटा काढून म्हणायची, ‘मुलगा ना तू? हस. बाबांना वाईट वाटेल.’ म्हणजे तिलाही माहीत होतं. ती गेली, तिला काय विचारू? तू त्याच्या शेजारी बसायचीस. तुला विचारतो.

सोमवारी सकाळी बाळ्या दारात बूट घालत होता. मी म्हटलं, ‘बाळ्या, आता रंग नाही, टोप नाही. बघ तरी माझ्याकडे.’

‘बाबा, उशीर होतोय.’

‘एकदा बघ रे.’

बघितलं. लगेच मान खाली. म्हणाला, ‘रंग पुसला तरी मला तोच चेहरा दिसतो, बाबा. पहिल्यापासून. मी काय करू?’ आणि नाडी न बांधताच गेला.

हे मला लिहायचं नव्हतं. नळाचं लिहून पत्र संपवणार होतो.

त्याच्यावर ओरडू नकोस. पण तू, तुझी आई आणि तो, तुम्ही तिघांनी मिळून माझ्या तोंडाला पानं पुसलीत. एका शब्दाने सांगितलं असतंत, तर मी त्याच्यासमोर बसून रोज तोंड धुतलं असतं, लहान होता तेव्हाच. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

काल रात्रीपासून मी जेवताना खुर्ची भिंतीकडे वळवून बसतो. बाळ्या पोटभर जेवला. छोटी म्हणाली, ‘आजोबा कट्टी आहेत का?’ सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, आवाजावरून वाटलं. पण ‘बाबा, इकडे वळा’ असं कुणी म्हणालं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली.

मला न्यायला येऊ नकोस. उत्तर मात्र लिही. ‘तसं काही नाही, बाबा’ एवढं मात्र लिहू नकोस. तू तरी खरं हसत होतीस का, इतकंच लिही. नसलीस तरी लिही.

घरात सगळ्यांत शेवटी कळलेला,
तुझा बाप