साडूचं हसू

१८ मे, रविवार

ऋतूच्या बॅगेचा हिशेब. विमानात तेवीस किलो चालतं. त्यात साडूच्या घरचं: ज्वारीचं पीठ पाच, शेंगदाण्याची चटणी दीड, येसूर मसाला दीड, किरकोळ एक. झाले नऊ. या नऊ किलोपायी घरी काय राहिलं? हिने शिवलेली गोधडी आणि मी आणलेला लहान कुकर. म्हणजे साडूच्या भाकरीची खरी किंमत माझ्या पोरीचं पांघरूण.

बोललो नाही. बोललो असतो तर ही म्हणाली असती, "माझी सख्खी बहीण हाय ती." साडू म्हणजे त्या बहिणीचे, शोभाचे यजमान, सुधीरराव. यापुढे नुसतं सा. लिहीन. त्या माणसावर माझी शाई फार जाते.

काल ऋतूला हैदराबादला विमानात बसवून आज घरी आलो. अडीच-तीन महिने जर्मनीत, ड्रेस्डेन गावी, विद्यापीठात उन्हाळी काम. बोअरच्या पाण्यातला क्षार काढायचं काहीतरी. सा. तिथून सव्वा तासावर, लाइपझिगला. फोनवर म्हणाले, "शनिवार-रविवार आमच्याकडे, दत्ताभाऊ. गाडीत बसली की आली." मग हसले. "आवडलं तिला, तर पुढच्या शिक्षणाला इथंच ठेवून घेऊ."

ठेवून घेऊ. जशी काय मी मोटार दुरुस्तीला टाकली, आणि न्यायला कुणी येणार नाही.

२० मे

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. लाईटीला दाब नाही, रोज विहिरीवरच्या मोटारी जळून दुरुस्तीला येतात. घाटनांदूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन, मोटार कुरकुरते. म्हटलं चालू करा, फोन जवळ धरा. ऐकलं. "पुढचं बेअरिंग गेलं. तिथंच बदलून घ्या." संध्याकाळी त्याचा फोन, बदललं, आता बरं वाटतंय.

शेजारचे फळवाले रफीकभाई केळीचा घड उतरवता उतरवता ऐकत होते. "कान हाय का एक्सरे बे, दत्ता?"

म्हटलं, मोटार असो का माणूस, दाराआडून सांगतो आत काय बिघडलंय.

जरा जास्त झालं. पण खोटं नाही.

२५ मे, रविवार

घरच्या ग्रुपवर सा.नी फोटो टाकला. लाइपझिगचं स्टेशन, केवढं तरी छत. मधे ऋतू, एका बाजूला शोभा, दुसऱ्या बाजूला सा., हात ऋतूच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, "आमची कन्या".

सगळ्या पाहुण्यांनी फुलं टाकली. मी अंगठा.

ही म्हणाली, "अंगठा कावून? चार शब्द लिवा की."

"छान" लिहिलं. एक झाला. उरलेले तीन इथं लिहितो. कन्या आमची हाय.

२६ मे

सकाळपासून तेच डोक्यात. हा माणूस धाकटा जावई. मी थोरला. पण सासरवाडीत गेलं की खुर्ची त्यांना. मला बघितलं की सासऱ्यांचा चेहरा उजळायचा, "बरं झालं आलात, हिरीवरची मोटार पाणी ओढंना." हात-पाय धुवायच्या आधी विहिरीवर. सा. इंजिनिअर, ते खुर्चीत बसून विचारणार, "काय झालंय हो तिला?"

मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पंचवीस वर्षांत एकदाही नाही.

७ जून, शनिवार

ऋतूचा फोन, चालत्या रेल्वेतून. "मावशीकडे चाललेय, पप्पा." गाडीला खटखट अजिबात नाही. एकसारखी घूं, वाइंडिंग चोख. आवाजातच कळतं पैसा कुठं गेलाय.

आणि मागून हसणं. पुरुषाचं. आधी दोनदा खर्र खर्र, मग एकदम मोठ्यानं. थंड इंजिन धरतं तसं.

म्हणजे सा. तिला न्यायला थेट ड्रेस्डेनपर्यंत गेले. सव्वा तास जाऊन, सव्वा तास येऊन. एवढं प्रेम.

विचारलं नाही. विचारलं की कळतं, हा विचारतोय.

दुपारी रफीकभाईंना सांगितलं. "लेका, फोनमधून हसणं वळखलं तू?"

"हजारात वळखीन. त्याच्याच साखरपुड्यात माझ्या बुटाला हसलेला माणूस हाय तो."

"बूट कसे हुते?"

"पांढरे."

रफीकभाई पण हसले. त्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही.

१५ जून, रविवार

ऋतूने फोटो पाठवले. नदी, काठाला दगडाचे उंच सुळके, सुळक्या-सुळक्यांमधे दगडी पूल. दोन फोटोंत ऋतू एकटी, एकात शोभा. सा. एकाही फोटोत नाहीत. म्हणजे फोटो काढणारे तेच.

ही फोन डोळ्याजवळ धरून, "किती ग्वाड हसतीया." हसतेय, पण कुणाकडं बघून? ते हिला दिसत नाही.

रफीकभाईंना दाखवलं. "फोटोत न्हाई त्यो माणूस बी तुला दिसतो. दत्ता, कानाचं ऱ्हाऊ दे, डोळे तपास."

२२ जून, रविवार

आपल्यालाही फिरता येतं. हिला घेऊन नारायणगडला गेलो. दर्शन झालं. पायऱ्यांवर फोटो काढला, म्हणजे काढायला लावला. तीनदा. ग्रुपवर टाकला, "रविवारची सहल".

सा.चं उत्तर लगेच. "वा, दत्ताभाऊ! इथं सकाळपासून पाऊस. घरात अडकलोय."

तासाभरानं ऋतूचा फोन. मावशीच्या बाल्कनीत बसलेय, ऊन कडक आहे, म्हणाली.

एकाच घरात एकाला पाऊस, एकीला ऊन. तिकडची हवा घडीघडीला बदलते असं ऐकून आहे.

परत येताना मनात आलं, पोरगी माझ्याबरोबर फिरली नाही असं थोडंच आहे. धारूर, माजलगाव, गेवराई, सगळं दाखवलंय. टेम्पोत, मागं, मोटारीवर बसून. धारूरचा घाट आला की गाणं म्हणायची. मोठ्यानं. ड्रायव्हर म्हणायचा, शेठ, पोरीमुळं हॉर्न लागत न्हाई.

२९ जून, रविवार

आज माझ्या एकट्याच्या फोनवर फोन.

"पप्पा, इथं दोन वर्षांचा कोर्स आहे. पाण्याचाच. फी जवळजवळ नाहीच. राहायचा खर्च मी काम करून भागवीन. अर्ज ऑगस्टअखेर भरायचाय. घरी आल्यावर बोलू. आईला एवढ्यात सांगू नका."

आवाज सरळ ठेवला. "काकांनी सुचवलं का?"

"काकांचं काय मधेच?"

म्हणजे त्यांनीच सुचवलं.

३० जून

हिने जेवताना काढलं, "शोभीचा फोन आलता, म्हनली की ह्यांचं..." मी उठलो. दुकानात काम होतं. कुलूप उघडून बसलो तर काम काहीच नव्हतं. पाऊसपाणी बरं झालं की मोटारी जळत नाहीत.

रफीकभाई आले. एक आंबा कापून ठेवला, शेवटचा म्हणाले. "पोरगी कुटं चोरीला चाललीय का बे? शिकाया चाललीय."

"शिकू दे की. पण त्याच्या घरात राहून, त्याच्या ताटात जेवून? दोन वर्षांनी काका म्हणायची ती बाबा म्हणायला लागंल."

"तुला तर पप्पा म्हनती. बाबा मोकळाच हाय."

हसावं की रागवावं कळेना. आंबा खाल्ला. गोड होता.

१३ जुलै, रविवार

एक मोटार पोचवायला घाटनांदूरला गेलतो. काम लवकर झालं. गाडी स्टेशनकडे वळवली. आमच्या केजला रेल्वे नाही, त्यामुळं स्टेशन म्हणजे पाहुण्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं. बाकावर बसलो. एक म्हातारी शेंगा विकत होती, एक कुत्रं, मी.

गाडी यायची घंटा झाली तसा ऋतूला फोन लावला. "थांब, ऐक." फोन बाहेर धरला. परळीकडून मालगाडी आली. डबे संपता संपेनात. फलाट हलत होता.

गेल्यावर कानाला लावला. ऋतू ओरडत होती, "पप्पा! घाटनांदूर ना? असला आवाज इकडं न्हाईच!"

तिकडं जाऊन दोन महिने झाले, सगळं शुद्ध बोलायला लागलीय. आज "न्हाई" म्हणाली. दहा रुपयांच्या शेंगा घेतल्या, म्हातारीकडं सुट्टे नव्हते, राहू दे म्हटलं.

येताना ठरवलं. ऋतू हैदराबादहून रेल्वेनं येणार, घाटनांदूरला उतरणार. तिथं न्यायला कुणीही जाईल. मी त्याच्या आधीच्या लातूर रोड स्टेशनला जाऊन तिच्या गाडीत चढणार. तासाभराचा का होईना, प्रवास आमचा दोघांचा. त्यात विचारायचं ते विचारणार.

९ ऑगस्ट, शनिवार

ही: "फलाटावर हुबं ऱ्हायलं तरी दिसंल की पोरगी. लातूर रोडपतोर कावून?"

"काम हाय."

"कसलं?"

शर्टाला इस्त्री केली, स्वतः.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटेच्या एसटीनं लातूर रोड. गाडी उशिरा. डब्यात चढलो. ऋतू खिडकीशी. वाळलीय. पाया पडायला वाकली, गर्दीत जागा नव्हती, गुडघ्यालाच हात लागला. दोघंही हसलो. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली.

पहिल्यांदा पेचकसांचा डबा दाखवला, माझ्यासाठी आणलेला. मुठी इतक्या चांगल्या की वापरू वाटेना. मग म्हणाली, नऊ किलोतलं पीठ जूनमधेच संपलं, मावशी रोज भाकरी करायची.

मी वाट बघत होतो. एक स्टेशन गेलं तसं विचारलं. "विमानतळावर सोडाया काका आलते?"

"काका? ते पोलंडला आहेत, पप्पा."

"कधीपासून?"

"मला स्टेशनवर भेटले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले. साइटचं काम. मावशी एकटी होती म्हणून तर मी दर शनिवारी जायचे. नाहीतर मला काय, खोलीत झोपायला आवडलं असतं."

"मग गाडीत हसत कोण होतं?"

"कधी?"

"सात जूनला. तू फोन केलास तेव्हा."

"पप्पा, गाडी होती ती. हसलं असेल कुणीतरी."

पलीकडं चौघांचा पत्त्यांचा डाव चालला होता. तिथंही एक जण हसत होता. मी खिडकीबाहेर बघितलं. सोयाबीन गुडघ्याएवढं आलंय सगळीकडं.

"आन् त्या कोर्सचं? ते काकांनी..."

"माझं मी शोधलं. जायच्या आधीच, इथं बसून. तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. काकांना अजून माहीतही नाही. आईलाही नाही. तुम्हाला एकट्याला सांगितलंय."

मला एकट्याला. हे ऐकायला मी तीन महिने झुरलो, आणि ऐकलं तेव्हा बरं वाटायला पाहिजे होतं. सा. नेत असते तर भांडता आलं असतं. ही कुणाच्या मागं चाललेली नाही. आपल्या पायानं चाललीय.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही भरणार," म्हणाली. "पण नीट विचार करून सांगा. रागानं नको."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात घाटनांदूर आलं. बॅग, पिशवी, तिची छत्री, उतरणाऱ्यांची ढकलाढकल. उत्तर डब्यातच राहिलं.

१२ ऑगस्ट

ऋतू दोन दिवस नुसती झोपतेय. ग्रुपवर सा.चा मेसेज, "कन्या सुखरूप पोचली का?" पोलंडात, परक्या गावात, रविवारी एकटा बसून पाऊस बघणारा माणूस. लिहिलं, "पोचली. तुमची मावशी-काकांची फार आठवण काढते." एवढं लांब मी त्यांना कधी लिहिलं नव्हतं. दुसरा अर्धा भाग शोभापुरता खरा आहे.

हिला विचारलं, "सुधीरराव पोलंडला हायेत, तुला ठावं हुतं?"

"पयल्यापासनं. शोभी रोज सांगती."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी त्यांचं नाव निघू देता का? नाव निघालं की पायात चप्पल, आन् चालले दुकानात."

रफीकभाईंना अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस त्यांच्या गाड्याकडं न बघता जातोय. त्यांना काहीतरी कळलंय, मुद्दाम पपई पुढं करतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

उघडीप. सकाळी हिने ती राहिलेली गोधडी काढली, धुतली, गच्चीत वाळत घातली. आईला काहीच सांगितलेलं नाही असं ऋतू शपथेवर म्हणते. मी हिला काही विचारलं नाही. हिने मला काही विचारलं नाही. पोरीला उत्तर द्यायचंय, आणि महिना संपायला अजून पंधरवडा आहे. आज दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. दार बंद होतं. आतून काही आवाज नव्हता.

दुपारी घाटनांदूरचं ते मे महिन्यातलं गिऱ्हाईक आलं, मोटार घेऊन. आवाज पुन्हा तोच, म्हणाला, खरं तर गेलाच नव्हता, तुमचा मान राखला. खोलली. बेअरिंगला काही झालेलं नव्हतं. मागच्या पंख्याच्या जाळीत कडब्याची काडी अडकली होती.